लापता हिस्सेदार

कोहक्यातल्या त्या घराचा विषय निघाला की आमच्याकडे कोणीतरी उठून दुसऱ्या खोलीत जातं. बहुतेक वेळा नवराच जातो. मी बसून राहते. माझा राग अजून संपलेला नाही आणि तो संपावा अशी माझी फारशी इच्छाही नाही.

नवऱ्याच्या रिटायरमेंटला थोडे महिने उरले होते. रिटायर झालं की स्टील प्लांटचं सेक्टरातलं क्वार्टर सोडायचं. त्या क्वार्टरात माझी दोन्ही मुलं मोठी झाली. भिंती प्लांटच्या, पण मागचं शेड, ओटा, लिंबाचं झाड, नळाजवळची फरशी सगळं आम्ही हौसेनं केलेलं. भिलाईतल्या माणसाला हे वेगळं सांगावं लागत नाही. तो आयुष्यभर चांगल्या घरात राहतो आणि साठीला त्याला कळतं की आपल्याला घरच नाही. भंडाऱ्याकडचं शेत दिरांच्या ताब्यात, तिथे आता आम्ही पाहुणे. मुलं पुण्याला, त्यांच्या दोन खोल्यांत त्यांचंच भागत नाही. म्हणून घर हवं होतं आणि ते इथेच हवं होतं. साधं, जमिनीवरचं, दारात दोन झाडं लावता येतील असं. मी दुसरं काहीही मागत नव्हते.

घर दाखवलं ते नवऱ्याबरोबर प्लांटच्या कोक ओव्हन विभागात नोकरी केलेल्या एका माणसानं. तो नवऱ्याच्या आधी रिटायर झालेला, आमच्याच गोंदिया-भंडाऱ्याकडचा, गणपतीच्या वर्गणीला पुढे असणारा. घर त्याच्याच वडिलांचं. नवरा म्हणाला, आपला माणूस आहे. आम्हा मराठी लोकांना या गावात 'आपला माणूस' म्हटलं की अक्कल गहाण ठेवायची सवय आहे, आणि मीही ती ठेवली.

घर पाहिलं तेव्हा मात्र माझं तोंड उतरलं. मागच्या खोलीचा स्लॅब खाली आलेला, त्यातून आकाश दिसत होतं. न्हाणीच्या भिंतीत पिंपळ उगवला होता आणि त्यानं भिंत उकलून ठेवली होती. पुढच्या खोलीत कोणी तरी कधी तरी शेकोटी केलेली. पण प्लॉट चौकोनी होता, रस्ता रुंद होता, बोअरला पाणी होतं, आणि भाव असा होता की त्या गल्लीत तेवढ्यात अर्धा प्लॉटही मिळाला नसता. मी विचारलं, एवढं स्वस्त का? तेव्हा तो म्हणाला, "एक हिस्सेदार लापता आहे, वैनी. तेवढीच अडचण."

नळाला पाणी नाही म्हणावं तशा सुरात तो ते बोलला. मग समजावून सांगितलं. प्लॉट वडिलांनी घेतलेला. ते वारले तेव्हा पटवाऱ्याने रिवाजाप्रमाणे फौती उठवली, म्हणजे मेलेल्याचं नाव काढून वारसांची नावं चढवली. बायको, दोन मुलगे आणि एक मुलगी. पुढे आई वारली. उरली तीन नावं. हा थोरला, कोहक्यातच राहणारा धाकटा, आणि ही बहीण. बहिणीचा पत्ता नाही. तिची सही नाही म्हणून घर विकलं जात नाही, विकलं जात नाही म्हणून कोणी दुरुस्त करत नाही, आणि दुरुस्ती नाही म्हणून स्लॅब पडला.

त्याचा उपाय त्याच्याजवळ तयार होता. वकील पाहिलेला. हिंदी पेपरात आम सूचना द्यायची, की अमुक नावाच्या बाईने इतक्या दिवसांत हजर व्हावं, नाही तर तिचा काही दावा नाही असं समजलं जाईल. दोघा भावांनी शपथपत्र द्यायचं की बहिणीचा ठावठिकाणा आम्हाला माहीत नाही. मग ते दोघं आम्हाला लिहून देणार, उद्या ती उगवलीच तर आमची जबाबदारी. नवऱ्याला हे पटलं. त्याला गोड बोलणाऱ्या कोणाचंही पटतं. मी म्हटलं, ती उगवली तर येईल आपल्या दारात, यांच्या नाही. भांडीकुंडी आपली रस्त्यावर येतील, यांची नाहीत. त्यावर दोघांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी चहात मीठ टाकलं होतं.

सूचना छापून आली. नवऱ्याने पेपर घरी आणला आणि तो भाग दुमडून माझ्यासमोर धरला. कोपऱ्यातली चौकट. त्यात बाईचं नाव, एका नदीचं, आणि पुढे 'पुत्री स्वर्गीय' म्हणून बापाचं. मी ते दोनदा वाचलं आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

कारण ते माहेरचं नाव होतं. साठीच्या आसपासच्या बाईला हे लोक तिच्या माहेरच्या नावानं हाका मारत होते. आमच्याकडे लग्नात ताटात तांदूळ पसरतात, नवरा अंगठीनं त्यात बायकोचं नवं नाव लिहितो, बायका हसतात, पेढे वाटतात. त्या दिवसापासून जुनं नाव बंद. माझंही तसंच झालं. मला कोणी विचारलं नाही, आणि ताटातले तांदूळ दुसऱ्या दिवशी कोणीतरी खिचडीत टाकले. आज सिव्हिक सेंटरच्या बाजारात मागून कोणी माझं माहेरचं नाव घेऊन ओरडलं तर मी वळणार नाही. मला ते दुसऱ्याच कोणा मुलीचं वाटेल. आणि या शहाण्यांनी त्याच नावाची चौकट छापली होती आणि आता हात झटकून वाट पाहत होते की बाई काही येत नाही.

मी नवऱ्याला म्हटलं, हिचं सासरचं नाव काय? तो म्हणाला, ते आपल्याला काय करायचं, रेकॉर्डला हेच नाव आहे. मी म्हटलं, मला करायचं आहे. खोटं कशाला बोलू, मी काही त्या बाईच्या भल्यासाठी पेटले नव्हते. मला माझ्या घराची भीती होती. म्हातारपणी कोर्टाच्या पायऱ्या चढायच्या नव्हत्या. पण त्या चौकटीत मला जे दिसलं ते नवऱ्याला दिसत नव्हतं, आणि त्याला ते दिसत नव्हतं याचाही मला राग आला. त्याचं नाव जन्मल्यापासून एकच आहे.

घराची किल्ली धाकट्या भावाच्या बायकोकडे असायची. मागच्या खोलीला पत्रे किती लागतील ते पाहायचं म्हणून मी एकटीच किल्ली आणायला गेले. बाई साधी, बोलघेवडी. तिने चहा ठेवला आणि कढईत कुरोड्या तळायला घेतल्या. कुरोड्या अशा पांढऱ्याशुभ्र फुलल्या की माझ्या तोंडून कौतुक निघालं.

"माझ्या कुठच्या?" ती म्हणाली. "जामुलवालीनं पाठवल्या."

"जामुलवाली कोण?"

"आमची ननंद."

आणि तिचा झारा हवेतच थांबला. दोन्ही जावांना मिळून एकच नणंद होती, हे मला माहीत होतं. तेल तापून धूर निघायला लागला तरी ती वळली नाही. शेवटी मीच उठून गॅस बंद केला.

मग तिने हळूहळू सांगितलं. भाऊ बोलत नाहीत बहिणीशी. ही गुपचूप फोन करते. दर उन्हाळ्यात जामुलहून कुरोड्यांची पिशवी येते, आणि ही घरात कोणाच्या म्हणून सांगत नाही. थोरले जेठ, म्हणजे मोठे दीर, आले की त्यांनाही तळून वाढते. ते आवडीने खातात. "ह्यायले सांगू नका, वैनी," ती म्हणाली, "मले घरात राहणं मुश्किल होईल." मी तिला वचन दिलं आणि तिच्याकडून नणंदेचं सासरचं नाव घेतलं. ते एका देवीचं होतं.

जामुल म्हणजे काही काळ्या पाण्याची शिक्षा नाही. कोहक्याहून लोकल बस घेतली की गप्पा संपायच्या आत येतं. सिमेंट कारखान्याची धूळ झाडांवर बसलेली दिसली की उतरायचं. मी उतरले, पहिल्याच पानठेल्यावर त्या देवीचं नाव घेतलं, आणि त्या माणसाने चुना लावता लावता बोट दाखवलं. शेवयावाली ना, म्हणाला, तिसरं दार. ज्या बाईला शोधायला वकील लागला, पेपर लागला, शपथपत्र लागलं, ती मला पान लावायच्या आत सापडली.

ती अंगणात बाजेवर शेवया वाळत घालत होती. लहानखुरी, पांढऱ्या केसांची, हाताला पीठ. नवरा कारखान्यात ठेक्यावर होता, तो जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगी लग्न होऊन बालाघाटला. ही भाड्याच्या एका खोलीत राहून शेवया, कुरोड्या, पापड करून विकते. मी कोण, कशी आले ते सांगितलं, धाकट्या भावजयीचं नाव मात्र घेतलं नाही. कात्रण दाखवलं. तिने ते डोळ्यांपासून लांब धरून हिंदी एकेक अक्षर लावून वाचलं आणि हसली.

"अवो, हे तं मीच आहे," ती म्हणाली. "मले तं वाटलं कोणी मेलं."

मग हसू ओसरलं. तिने पुन्हा वाचलं. लापता शब्दावर बोट ठेवून विचारलं, हे दादानं लिहिलं का? मी हो म्हटलं. ती बराच वेळ शेवया सारख्या करत राहिली, ज्या आधीच सारख्या होत्या.

तिने सांगितलं ते थोडक्यात असं. नवरा गेला तेव्हा तिने थोरल्या भावाला विचारलं होतं की मागची खोली मले राहाले दे. विकायला नव्हे, राहायला. खोली रिकामीच होती. भाऊ म्हणाला, हिस्सा मागाले आली का? तिला हिस्सा हा शब्द तेव्हा सुचलाही नव्हता, पण त्या दिवसापासून ती त्या घरात हिस्सा मागणारी झाली. राखीला गेली तर दार उघडलं नाही. आई वारली ते तिला तेरवी झाल्यावर कळलं, तेही कोणीतरी बाजारात सांगितलं म्हणून. आणि ती खोली रिकामी राहून राहून शेवटी तिचा स्लॅब पडला. तोच स्लॅब, ज्याच्या जागी टाकायचे पत्रे मोजायला मी निघाले होते. बाईला राहू दिलं असतं तर तिनं दर पावसाळ्याआधी वर डांबर तरी मारून घेतलं असतं. यांना पडलेलं चाललं, बहीण चालली नाही.

घर विकायला तिची ना नव्हती. म्हणाली, मी काय करू त्या घराचं, तुमी घ्या, तुमचं भलं होऊ दे. तिचा हिस्सा तिच्या हातात मिळेल, हे मी सांगितलं, तर तिने मान हलवली, फार विचारलं नाही. रजिस्ट्रीबद्दल विचारलं ते एवढंच, "दादा येईल ना तिथी?" मी बसस्टॉपकडे निघाले तेव्हा तिने तेच पुन्हा विचारलं.

दोन दिवसांनी थोरला आमच्याकडे आला, तेव्हा नवरा बोलायच्या आत मीच सांगून टाकलं की भाऊ, तुमची बहीण जामुलला आहे, मी भेटून आले. मला वाटलं होतं, तो ओशाळेल. निदान कोणी सांगितलं म्हणून तरी भडकेल. त्याने बशीत चहा ओतला, फुंकर मारली आणि म्हणाला, "मी कुठी म्हटलं का ते मेली? मी म्हटलं ठिकाणा नाई."

"मंग पेपरात तिचं सासरचं नाव कावून नाई टाकलं?" मी विचारलं.

"रेकॉर्डले जे नाव आहे तेच टाका लागते. त्या नावाची बाई कुठी राहते, दाखवा मले. त्या नावाची कोणी राहतच नाई."

त्याला सगळं ठाऊक होतं. ती जामुलला आहे, कोणत्या गल्लीत आहे, कोणत्या नावानं आहे. ज्या लग्नात तांदळाच्या ताटात तिचं नाव बदललं, त्या लग्नात हाच अक्षता वाटत होता. नाव आपणच बदलायचं आणि मग जुन्या नावानं हाक मारून म्हणायचं की बघा, ओ देत नाही. बरं, वकिलाच्या हिशेबाने तो चुकीचाही बोलत नव्हता, आणि हेच मला सहन होईना. मी त्याला जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. नवरा मधे पडला. थोरला जाताना शांतपणे सांगून गेला की बहिणीनं माहेरी यावं, जेवावं, लुगडं घेऊन जावं, हिस्सा मागू नये, आमच्यात असंच आहे. तरीही तो सौद्याला तयार झाला. त्यालाही त्या पडक्या घरातून मोकळं व्हायचं होतं आणि आता बहीण सही करणारच होती तर शपथपत्राची कटकट त्यालाही नको होती.

म्हणजे सगळं जुळून आलं होतं. मी पडद्याचं कापड पाहून ठेवलं. कुंड्या क्वार्टरातून कशा न्यायच्या, लिंबाची फांदी लावून जगेल का, हेही ठरवलं. घर माझंच झालं होतं, फक्त कागदावर यायचं होतं.

रजिस्ट्रीला आम्ही सगळे दुर्गला गेलो. थोरला धाकट्याला घेऊन त्याच्या गाडीतून आला. ती एकटी आली, दोन बस बदलून, आमच्याही आधी. मोरपंखी साडी, पदराला पिन, केसांना तेल. भाऊ गाडीतून उतरले तेव्हा ती बाकावरून उठून उभी राहिली. थोरला तिच्यासमोरून वकिलाकडे गेला. ती तशीच उभी राहिली, थोडा वेळ, मग बसली. मी पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं, कारण त्या वेळी मला फक्त आत आमचा नंबर कधी लागतो याची पडली होती.

नंबर लागला. टेबलापलीकडचे साहेब सभ्य होते, घाईत होते. कागद पाहता पाहता ते अडकले. रेकॉर्डला नदीचं नाव, आधारवर देवीचं. दोन्ही नावं एकाच बाईची आहेत असं शपथपत्र जोडलेलं होतं, पण त्यांना तोंडी विचारायचं होतं. बरोबरच होतं त्यांचं. त्यांनी थोरल्याकडे पाहून विचारलं, "ये आपकी कौन लगती हैं?"

"जानते हैं साहब. जामुल में रहती हैं."

"वो तो आधार में लिखा है. लगती कौन हैं?"

थोरला म्हणाला, "हिस्सेदार हैं."

ती पेन हातात धरून सहीसाठी वाकली होती. तशीच वाकलेली राहिली. मग हळूच म्हणाली, "दादा, साहेबानं नातं विचारलं."

"सही कर ना. मागं लोकं थांबून राहिले."

"करते. तू सांग, मंग करते."

धाकटा मोबाइलमध्ये बघत होता. माझा नवरा, ज्याला कधी कोणाला दुखवता येत नाही, तो म्हणाला, सांगा ना भाऊ, एका शब्दाचं तं काम आहे. खरंच एका शब्दाचं काम होतं. त्याला पैसे पडत नव्हते, त्याची शपथ लागत नव्हती. साहेबांनी पेन खाली ठेवलं आणि वाट पाहिली. थोरला भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहत म्हणाला, "सगळे कागद लावले आहेत. आणखी काय सांगू?"

मी यावर नंतर खूप डोकं फोडलं आहे. हिस्सेदाराला मागची खोली नाकारता येते. हिस्सेदाराला आईच्या मौतीचं कळवलं नाही तरी चालतं. तीच बहीण आहे असं चार लोकांत म्हटलं की मग जे केलं त्याला काय म्हणायचं, ते त्याला ठाऊक असावं. की एवढंही नसेल. नुसती अकड असेल, जिला मोडायची सवयच लागू दिली नव्हती कोणी. मला त्याच्या मनात शिरायचं नाही. मला तिथे त्याच्या कानाखाली द्यायची होती, आणि मी दिली नाही याचं आजही वाईट वाटतं.

तिने पेनाला टोपण लावलं. ते कागदांवर सरळ ठेवलं आणि साहेबांना हिंदीत म्हणाली, माफ करना साहब, मैं नहीं बेच रही. आणि पदर सावरून बाहेर गेली.

माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं ते खरं खरं सांगते. मला तिचा राग आला. तिच्या मागे धावून, हाताला धरून, तिला ओढत आत आणावं आणि सही घ्यावी असं वाटलं. एवढी वर्षं सोसलंस, अजून एक मिनिट सोसलं असतंस तर माझं घर झालं असतं. मी बाहेर गेले तीही याच रागात. ती गेटाकडे निघाली होती. मी तिला गाठलं. तिने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "तुमचं घर गेलं माझ्यापायी."

"हो," मी म्हटलं, "गेलं."

तिने मान हलवली. मी नाही हो, असं कसं म्हणता वगैरे म्हटलं असतं तर ते तिला खोटं वाटलं असतं. मग दोघी चालायला लागलो. जामुलकडची बस कुठून मिळते ते तिला परतीला आठवत नव्हतं, म्हणून मी सोडायला निघाले. रागात होते, पण निघाले.

पुढचं सांगायचं तर आम्ही आता मरोद्याकडे भाड्याने राहतो. लिंबाची फांदी जगली नाही. वरच्या मजल्यावर घरमालकाची माणसं रात्रंदिवस पाटावरवंटा फिरवतात आणि मला बोलायची सोय नाही, कारण घर त्यांचं आहे. कोहक्यातलं घर तसंच बंद आहे. पिंपळ आता न्हाणीच्या वर गेला. थोरला लोकांना सांगतो की बहिणीनं ऐनवेळी जास्त पैसे मागितले. माझा नवरा मराठी मंडळाच्या कार्यक्रमात त्याच्या शेजारी बसतो, आपला माणूस म्हणून. मला म्हणतो, तू जामुलले गेली नसती तं आज आपण आपल्या घरात असतो. हे खरं आहे आणि मी ते नाकारत नाही. आम्ही असतो त्या घरात, पिंपळ उपटून, पत्रे टाकून, पडदे लावून. आणि ती पेपरातल्या चौकटीत कायमची हरवलेली असती. मी दोन्ही गोष्टी समोरासमोर ठेवते आणि मला दोन्हींचा राग येतो.

पण रात्री कूस बदलताना जे आठवतं ते यातलं काहीच नसतं. ते त्या दिवशीच्या गेटाजवळचं असतं. आम्ही दोघी रजिस्ट्री ऑफिसच्या गेटातून बाहेर पडत होतो. वाट अरुंद, दोन्ही बाजूंना स्कूटर लावलेल्या. मागून गाडीचा हॉर्न वाजला. तिने वळून पाहिलं. थोरल्याची गाडी होती, पुढे दोघे भाऊ, मागची सीट सगळी रिकामी. आणि त्या बाईचा चेहरा, एवढं सगळं होऊन गेल्यावरही, उजळला. मी अगदी जवळून पाहिला. ती एक पाऊल गाडीकडे सरकलीसुद्धा, हात दरवाजाकडे गेला होता तिचा. काच खाली झाली नाही. हॉर्न पुन्हा वाजला, लांब. तेव्हा आम्हाला कळलं की आम्ही वाटेत उभ्या आहोत, आणि मी तिला दंडाला धरून बाजूला केलं.